मोठी चाकं लावल्यावर बग्गीचा पिकअप का गेला?

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका तरुणाचा आहे. त्याने भावाबरोबर घरीच दोन सीटची बग्गी बांधली आहे. मागे जुन्या कार्बुरेटरवाल्या पल्सर १५० चं इंजिन, तिथून चेन थेट मागच्या सॉलिड ॲक्सलवर, चेनच्या दातेरी चाकांना (स्प्रॉकेट) पुढे १४ दात आणि मागे ४२. सुरुवातीला मारुती ८०० ची १२ इंची चाकं होती. या वर्षी हब आणि चाकाच्या मधे प्लेट करून जिप्सीची १५ इंची चाकं लावली. सांगाडा दीड इंची सी क्लास पाइपचा, खाली पूर्ण चेकर प्लेट. तो लिहितो, "आता पहिल्यात नीट उचलत नाही. दोघं बसून चढ घेतला की क्लच जळाल्याचा वास येतो. मोठा कार्बुरेटर आणि फ्री-फ्लो सायलेन्सर टाकला तर पिकअप येईल का? एअर फिल्टर काढून चालवून बघू का?"

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टर्नर म्हणून लागलो आणि पुढे स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. ट्रॉलीचे ॲक्सल, पॉवर टिलरचे गिअर, शेतीची अवजारं हे आमचं रोजचं काम. पण गेल्या बारा-तेरा वर्षांत अशा घरगुती बग्ग्याही बऱ्याच हाताखालून गेल्या, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते थांबण्यासारखं नाही. फिल्टर काढू नका. एक दिवससुद्धा नको. आपल्याकडची तांबडी माती किती बारीक असते ते भातकापणीनंतर खाचरातून गाडी घातली की कळतं. मागच्या चाकांनी उडवलेली सगळी धूळ इंजिनाच्याच तोंडाशी येते. फिल्टर काढलेलं एक इंजिन माझ्याकडे दिवाळीत चांगलं होतं म्हणून आलं आणि शिमग्याला धूर ओकत परत आलं. उघडलं तर रिंगा झिजलेल्या, सिलिंडरवर उभ्या रेघा. उलट तुम्ही फिल्टरचा डबा उचलून वरच्या पाइपाजवळ, डोक्याच्या उंचीला न्या आणि रबरी नळीने कार्बुरेटरला जोडा. नळी कार्बुरेटरच्या तोंडापेक्षा बारीक नको आणि तिला तीव्र वळण नको. फोम फिल्टर असेल तर तो धुऊन, तेल लावून, पिळून बसवा. चोंदलेला फिल्टर साफ केल्यावर जो फरक पडतो, तो बऱ्याच लोकांना फिल्टर काढल्याचा फरक वाटतो.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही विचारलंय इंजिनाबद्दल, पण तुमच्याच लिहिण्यात कारण आलंय. १२ इंची चाकं होती तेव्हा गाडी उचलत होती. इंजिन तेच, दात तेच, चाक बदललं.

८०० चं १४५/७० आर १२ टायर घ्या. रिम १२ इंच म्हणजे ३०५ मिलिमीटर, वर-खाली टायरच्या भिंती प्रत्येकी साधारण १०१, एकूण उंची ५०८ मिलिमीटर. जिप्सीचं २०५/७० आर १५ घेतलं तर रिमचे ३८१ आणि दोन्हीकडच्या भिंती प्रत्येकी १४३.५ धरून २८७, एकूण ६६८. तुमच्या टायरवर वेगळा आकडा असेल तर तो याच पद्धतीने काढा. म्हणजे चाक एका फेऱ्यात आधी १.६ मीटर जायचं, आता २.१ मीटर जातं. इंजिनाने ॲक्सलला दिलेला पीळ तोच, पण जमिनीपर्यंतचा हात लांब झाला, त्यामुळे जमिनीवर ढकलण्याचा जोर ५०८ भागिले ६६८, म्हणजे पूर्वीच्या ७६ टक्के उरला. पाव जोर चाक बदलताना गेला. हाच पाव जोर इंजिनातून परत मिळवायचा म्हटलं तर १४ हॉर्सपॉवरचं इंजिन साडेअठरापर्यंत न्यावं लागेल. मी केलेल्या कुठल्याही दीडशे सीसीच्या इंजिनात नुसत्या कार्बुरेटर आणि सायलेन्सरने एवढा फरक पडलेला नाही.

एवढ्यावर भागत नाही. मोठं चाक जडही असतं, आणि फिरणाऱ्या चाकाचं वजन साध्या वजनासारखं नसतं. सीटखाली ठेवलेला किलोभर लोखंडाचा तुकडा फक्त पुढे न्यावा लागतो. तोच किलो टायरच्या काठावर असेल तर त्याला पुढेही न्यावं लागतं आणि फिरवावंही लागतं, म्हणून पिकअपच्या हिशेबात तो जवळपास दोन किलोंइतका पडतो. चाकामागे सात किलो वाढले असतील तर चार चाकांचे २८, आणि त्यातलं बहुतेक वजन टायर-रिमच्या काठाला असल्यामुळे गाडीला ते पन्नासच्या आसपास जाणवतं. माणूस न बसवता अर्धा माणूस बसवल्यासारखं झालं.

यात परिस्थितीवर अवलंबून असलेलं बरंच आहे. तुमची बग्गी कुठं चालते? जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला चढ, जांभ्याचे दगड आणि पावसाळ्यात चिखल. तिथं चाकाची उंची खरंच उपयोगी. बैलहोंगल-गोकाककडच्या काळ्या रानात पावसात चाकाला चिकटणारी माती हाच मोठा शत्रू, तिथं रुंद आणि जड टायर मातीचे गोळे घेऊन फिरतं. आणि नुसतं कापणी झालेल्या मळ्यात, माळावर फिरवायची असेल तर मला विचाराल तर १५ इंची चाकं विकून टाका आणि मधलं काहीतरी घ्या. १४५/८० आर १३ टायरची उंची ५६२ मिलिमीटर भरते, म्हणजे ८०० च्या चाकापेक्षा पाच सेंटिमीटर जास्त आणि रिमही हलकी. पण तुम्ही हौसेने मोठी चाकं लावली आहेत, ती ठेवायची आहेत असं धरून पुढचं लिहितो.

स्प्रॉकेट कापायला टाकण्याआधी गाडीत जोर कुठं गळतोय ते तपासायला पाहिजे. आमच्या शेजारच्या शेडमधले बुजुर्ग कानडी टर्नर कुठलंही काम हातात घेताना म्हणायचे, "मोदल अळती, आमेले कटिंग." आधी माप, मग कटिंग. मी त्यांच्या हाताखालीच शिकलो.

पहिली तपासणी तर हास्यास्पद वाटेल इतकी साधी आहे, पण तीच मी सगळ्यात आधी करतो. इंजिन बंद ठेवून भावाला सीटवर बसवा आणि ॲक्सिलरेटर तळाला टेकेपर्यंत दाबायला सांगा. तुम्ही कार्बुरेटरवरची, केबलने फिरणारी लिव्हर बघा. ती शेवटपर्यंत फिरते का, म्हणजे आतलं दार पूर्ण उघडतंय का? बाइकच्या मुठीला केबल जेवढी ओढायची असते, तेवढी पायाच्या पेडलने ओढली जातेच असं नाही, आणि बग्गीत केबल अडीच मीटर लांब असते, वळणं घेत जाते. एक गाडी माझ्याकडे आली होती, मालकाने दुसरीकडे पिस्टन-रिंगा बदलून घेतल्या होत्या, तरी गाडी मेलेलीच. पेडल तळाला गेलं तरी कार्बुरेटर तीन चतुर्थांशच उघडत होता. पेडलच्या लिव्हरला दीड इंच वर नवं भोक पाडलं आणि काम झालं. मात्र उघडण्याबरोबर मिटणंही बघा. पाय काढला की दार झटकन बंद झालं पाहिजे, आणि त्यासाठी पेडलला स्वतःची वेगळी स्प्रिंग हवी. एकट्या कार्बुरेटरच्या स्प्रिंगवर विसंबू नका.

दुसरी तपासणी गाडी किती मोकळी चालते त्याची. सपाट काँक्रीटवर, न्यूट्रलमध्ये, भाजीबाजारात वापरतात तो लटकता स्प्रिंगकाटा पुढे बांधून हळू, एकसारख्या चालीने ओढा. सव्वातीनशे किलोची गाडी मोकळी असेल तर सहा-आठ किलोच्या ओढीला चालत राहते. काटा पंधरा-वीस दाखवत असेल तर काहीतरी घासतंय. बहुतेक वेळा ब्रेकचं पॅड सुटत नसतं, नाहीतर ॲक्सलची दोन्ही पेडेस्टल बेअरिंगं एका रेषेत नसतात. वेल्डिंग करताना सांगाडा थोडा ओढला जातो, वरून बोल्ट आवळले की ॲक्सल वाकवूनच बसतो. बोल्ट ढिले करून ॲक्सल हाताने फिरवा. सैल असताना मोकळा आणि आवळल्यावर जड होत असेल तर बेअरिंगखाली पत्र्याच्या पट्ट्या घालून रेष साधा. चेन अगदी ताणून बसवली असेल तरीही हेच होतं. मधोमध बोटाने वर-खाली दोन-अडीच सेंटिमीटर हलली पाहिजे.

तिसरी क्लचची. तुमच्याकडे वास येतोय म्हणजे तो आधीच त्रासात आहे. तिसऱ्या गिअरमध्ये हळू चालवत हलक्या चढावर एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी त्या प्रमाणात पुढे गेली नाही तर प्लेटा सरकतायत. आवाजच चढला नाही, इंजिन घोगरं होऊन बसलं, तर क्लच ठीक आहे आणि गिअरिंग लांब आहे. माझा अंदाज, तुमच्याकडे दोन्ही आहे. पहिला गिअर इतका लांब झालाय की तुम्ही अर्धा क्लच धरूनच गाडी हलवता, आणि त्यात प्लेटा जळाल्या. नव्या प्लेटा घालताना तिन्ही गोष्टी करा: प्लेटांबरोबर स्प्रिंगाही बदला, लांब केबलला थोडा तरी सैलपणा ठेवा, आणि तेल बाइकचंच घाला, डब्यावर जासो एमए लिहिलेलं. या इंजिनात क्लच तेलातच बुडालेला असतो. कारच्या तेलात घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात, ती कारच्या इंजिनाला बरी, पण इथं प्लेटाच घसरवतात. पण गिअरिंग न बदलता नुसत्या प्लेटा घातल्या तर त्या पुन्हा जळतील, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आता गिअरिंग. यात मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण घरी, कमी खर्चात आणि खात्रीने मिळणारा पिकअप इथंच आहे.

आधी तुमच्या गाडीचा खरा आकडा काढा. मागची चाकं उचलून घोड्यावर घ्या, प्लग काढा, पहिला गिअर टाका, टायरवर आणि शेजारच्या पाइपवर खडूची खूण करा. मॅग्नेटच्या बाजूचं झाकण काढून नटाला पाना लावा आणि इंजिन चालू असताना फिरतं त्याच दिशेने फिरवत फेरे मोजा. चाकाचा एक पूर्ण फेरा व्हायला इंजिनाचे किती फेरे लागले तो तुमचा पहिल्या गिअरचा एकूण आकडा. समजा २७ आला. इंजिन ८००० फेऱ्यांवर असताना चाक मिनिटाला २९६ वेळा फिरेल. वजनाने टायर थोडं दबतं, म्हणून एका फेऱ्याला दोन मीटर धरले तर पहिल्याच गिअरमध्ये वेग ताशी साडेपस्तीस किलोमीटर! बाइकला हे चालतं, कारण बाइक आणि माणूस मिळून दोनशे-सव्वादोनशे किलो. तुमची गाडी आणि दोन माणसं मिळून साडेचारशेच्या पुढे जातात, आणि तीही मातीत, चढावर. या वजनाला पहिला गिअर ताशी वीस-बावीसला संपला पाहिजे, असा माझा अनुभव आहे.

मागचे दात ४२ वरून ५५ केले तर फक्त जुन्या १२ इंची चाकांइतकंच परत मिळेल, कारण चाक ३१ टक्क्यांनी मोठं झालंय आणि ४२ चे ५५ म्हणजे तेवढीच वाढ. ८०० च्या चाकांवर गाडी तुम्हाला पुरेशी वाटत होती तर इथं थांबा, हा स्वस्त आणि सोपा मार्ग आहे. ४२८ मापाच्या बाइकच्या चेनला ५५ दातांचं स्प्रॉकेट साधारण २३ सेंटिमीटर व्यासाचं होतं, जागा भरपूर उरते.

पण दोघं बसून चढ चढायचा असेल तर ३ चं प्रमाण (४२ भागिले १४) ५ करा. मग २७ चे ४५ होतात आणि पहिला गिअर ताशी २१ ला संपतो. पाचव्यात त्याच्या तिप्पट धरलं तरी साठच्या आसपास जाल. शेतात घरी बांधलेल्या बग्गीला याहून जास्त वेगाची गरज नाही, आणि असू नये असंच माझं मत आहे.

५ मिळवायचे दोन रस्ते. सरळ मागे ७० दातांचं स्प्रॉकेट, व्यास २९ सेंटिमीटरच्या आसपास. मोठी चाकं असल्यामुळे तेही बसतं, पण ॲक्सलखाली ते चौदा-साडेचौदा सेंटिमीटर लोंबतं. जांभ्याच्या खडकाळ वाटेवर दगड बरोबर तिथं लागतो, एक दात वाकला की चेन गेली. खाली जाड पट्टीची घसरपाटी लावली तर चालतं. दुसरा रस्ता म्हणजे मधे एक शाफ्ट घालायचा, जॅकशाफ्ट. इंजिनावर १४, त्यातून जॅकशाफ्टवर २०, तिथून दुसऱ्या टोकाला १४ आणि ॲक्सलवर ४९. २० भागिले १४ आणि ४९ भागिले १४ यांचा गुणाकार बरोबर ५. मागचं स्प्रॉकेट लहान राहतं, चेनही लहान राहतात. मी बहुतेक गाड्यांना हाच करतो.

मात्र त्यातली एक खुबी लक्षात घ्या, बऱ्याच चांगल्या मिस्त्रींच्याही नजरेतून ती सुटते. दुसऱ्या चेनवरचा ताण पहिलीपेक्षा जास्त असतो, इथं ४३ टक्क्यांनी. ॲक्सलला पीळ तेवढाच द्यायचा आहे, पण आता तो ७० ऐवजी ४९ दातांच्या लहान चाकावरून ओढायचा आहे. म्हणून दुसऱ्या टप्प्याला जुनी काढलेली चेन लावू नका. तिथं नवी, जड प्रकारची ४२८ किंवा सरळ ५२० ची चेन आणि तिचेच स्प्रॉकेट घ्या.

पुढचं छोटं स्प्रॉकेट आणखी छोटं करून भागवायचा मोह होईल, कारण ते बाजारात तयार मिळतं. १४ चं १३ केलं तर सात-आठ टक्के मिळतात, तेवढं ठीक. १२ च्या खाली जाऊ नका. चेनला इतक्या लहान चाकाभोवती वळताना धक्के बसतात, ती लवकर लांबते आणि दात खाते.

स्प्रॉकेट करून घेताना उद्यमबागेत ईएन-८ पोलादात कापून, दात कडक करून मिळतात. ४२८ च्या चेनची आतली रुंदी ७.७५ मिलिमीटर असते, म्हणून प्लेट सात मिलिमीटरच्या आसपास हवी, आणि दातांचे कोपरे दोन्हीकडून उतरवून घ्या, नाहीतर चेन चढताना अडकते. साध्या एमएस (मऊ पोलादाच्या) प्लेटमध्ये कापलेलं स्वस्त पडतं, पण मऊ दात एका हंगामात हुकासारखे वाकडे होतात. हबला वेल्ड करू नका, बोल्टने बसवा. पुढं-मागं दात बदलावेसे वाटतातच.

वजनाबद्दल. एखाद्या दिवशी गर्दी नसताना उसाच्या ट्रॉल्या मोजतात त्या वजनकाट्यावर गाडी न्या, आधी पूर्ण आणि मग फक्त मागची चाकं चढवून मोजा. तुमचा सी क्लासचा दीड इंची पाइप म्हणजे पाण्याचा पाइप. त्याचा बाहेरचा व्यास ४८ मिलिमीटर, भिंत चारची, मीटरला ४.३ किलोच्या वर वजन. बावीस मीटर लागला असेल तर नुसता सांगाडाच ९५ किलो. तरीसुद्धा मी तुम्हाला डोक्यावरची कमान आणि तिचे मागचे टेकू कापायला सांगणार नाही. ती कमान गाडी उलटली तर तुमच्या मानेसाठी आहे. वजन दुसरीकडून काढा. तीन मिलिमीटरची लोखंडी प्लेट चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरते, चेकर असेल तर थोडी जास्तच. दोन मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा साडेपाच किलोही भरत नाही. दीड चौरस मीटरच्या फ्लोअरमागे पंचवीसेक किलो सुटतात. जाड बंपर, शोभेचे पाइप, मागचा कॅरिअर, लोखंडी सीटचे सांगाडे, हे सगळं एका दुपारी उतरवून बघा. बग्गी जितकी हलकी तितका क्लच, ब्रेक, चेन, सगळ्यांनाच आराम.

टायरची हवाही बघा. कारच्या सवयीने ३० पौंड भरलेली असेल तर मोकळ्या मुरमावर चाकं नुसती गरगरतात आणि आपल्याला वाटतं इंजिन कमी पडतंय. एवढ्या हलक्या गाडीला मातीत १४-१५ पौंड पुरे. १० च्या खाली नेऊ नका, वळणावर टायर रिमवरून उतरतं. घट्ट रस्त्यावर मात्र कमी हवेने गाडी जड चालते.

आता कार्बुरेटर आणि सायलेन्सर. मोठा कार्बुरेटर म्हणजे मोठं तोंड, आणि कमी फेऱ्यांवर त्या मोठ्या तोंडातून हवा हळू जाते, पेट्रोल नीट फुटत नाही. तुम्हाला जोर हवाय तो नेमका कमी फेऱ्यांवर, गाडी जागची हलताना. तिथंच तो आणखी कमी होईल. नुसता उघडा सायलेन्सर लावला आणि जेट (कार्बुरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तसाच ठेवला तर मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, उतारावर पाय काढला की फटाके वाजतात. त्यापेक्षा आहे तो कार्बुरेटर उघडून साफ करा, टॅपेट सेट करा, नवा प्लग टाका. पाचेक मिनिटं जोर लावून चालवल्यावर इंजिन एकदम बंद करून प्लग काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर. पांढरं असेल तर पातळ, काजळी असेल तर घट्ट. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, इथं हवा सात-आठ टक्क्यांनी विरळ आहे, त्यामुळे कंपनीचा जेट इथं पातळ पडायची शक्यता कमीच.

इंजिनाबाबतीत घरी करण्यासारखं एक मोठं काम मात्र आहे, थंडावा. बाइकवर या इंजिनाला समोरून वारा लागतो. बग्गीत ते सीटच्या मागे, पत्र्याच्या आड बसलेलं. पहिली दहा मिनिटं गाडी चांगली आणि मग मरगळते असं होत असेल तर हेच कारण. दोन्ही बाजूंनी पत्र्याचे नळकांडे करून वारा सिलिंडरच्या पंखांवर आणा. लहान बारा व्होल्टचा पंखा लावला तर उत्तम, पण कारच्या रेडिएटरचा मोठा पंखा या बाइकच्या चार्जिंगला झेपत नाही, बॅटरी बसते.

इंजिनाला हात न लावता किती करता येतं याचं उदाहरण हवं असेल तर इंजिनिअरिंग कॉलेजांचे विद्यार्थी स्वतः बग्ग्या बांधून पळवतात त्या बाहा स्पर्धेकडे बघा. ती भारतात २००७ पासून होते. कितीतरी वर्षं सगळ्या संघांना ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं एकसारखं १० हॉर्सपॉवरचं इंजिन असायचं, आतून फेरफार करायला बंदी. तरीही एक गाडी सुटली की पुढे आणि दुसरी मागे. फरक असायचा तो वजन, चाकं आणि गिअरिंगचा. तुमच्याकडे त्याहून चार हॉर्सपॉवर जास्तच आहेत.

तेव्हा कामाचा क्रम असा ठेवा: पेडल आणि केबल, मग घासणारं सगळं मोकळं करणं, मग गिअरिंग आणि त्याबरोबरच क्लच प्लेटा, मग वजन आणि हवा, सगळ्यात शेवटी कार्बुरेटरची जुळणी. आणि सुरुवातीलाच सपाट जागेवर दोन खुंट्या मारून ५० मीटर मोजून घ्या. थांबलेल्या गाडीतून निघून किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा, दोन्ही दिशांनी तीन-तीनदा, आणि वहीत लिहा. प्रत्येक बदलानंतर पुन्हा. एका वेळी एकच बदल. आवाज वाढला की गाडी पळते असं वाटतं, घड्याळाला तसं वाटत नाही.

हे सगळं लिहिलं, पण तुम्ही ब्रेकबद्दल एक शब्द लिहिलेला नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. मोठ्या चाकाने जसा ढकलण्याचा पाव जोर गेला, तसाच थांबवण्याचाही पाव जोर गेलाय. तीच डिस्क, तोच पिस्टन, पण चाकाचा हात लांब. शिवाय गाडी आठ सेंटिमीटर उंच झाली, म्हणजे वळणावर उलटायला सोपी झाली. म्हणून स्प्रॉकेट कापायला देण्याआधी ब्रेक बघा. कोरड्या, घट्ट मातीवर ताशी ३० वरून गाडी नऊ-दहा मीटरच्या आत, सरळ थांबली पाहिजे. थांबत नसेल तर आधी मोठी डिस्क किंवा मोठा कॅलिपर, पिकअप नंतर. जॅकशाफ्ट केलात तर ब्रेकची डिस्क त्याच्यावर कधीही बसवू नका, जागा कितीही सोयीची दिसली तरी. चेन तुटली की ब्रेकही जातो. डिस्क ॲक्सलवरच हवी. हब आणि चाकाच्या मधे केलेली प्लेट आणि तिचे बोल्ट दर रविवारी तपासा. ८०० ची रिम चार बोल्टांची, जिप्सीची पाच, म्हणजे सगळा भार त्या एका जोडावर आहे.

आणि चेनच्या आणि तुमच्या पाठीच्या मधे तीन मिलिमीटरचा लोखंडी पत्रा असलाच पाहिजे. वजन कमी करताना हा पत्रा काढू नका. आमच्या यार्डात एकदा ट्रायल घेताना चेन तुटली आणि तिचं टोक सीटमागच्या पत्र्यावर आदळलं. पत्र्याला आतून फुगवटा आला. त्या पत्र्याच्या पलीकडे माझ्या पुतण्याची पाठ होती. तो पत्रा मी अजून वर्कशॉपमध्ये टांगून ठेवलाय आणि बग्गी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो. चार जागी पकडणारे पट्टे, हेल्मेट आणि दोघांच्याही हाताला लागेल असं इंजिन बंद करायचं बटण, यात तडजोड नको.

रस्त्याचंही सांगतो, कारण खानापूर-जांबोटी रस्ता जवळच आहे आणि मोह होतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही, आणि घरी बांधलेल्या बग्गीला नोंदणी मिळत नाही. गावाच्या पाणंदीतूनही नेऊ नका, ट्रॉलीवर घालून न्या. जंगलात तर अजिबात नको, तुमच्या तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे. स्वतःचं रान, नाहीतर मालकाने परवानगी दिलेला माळ. भंगारातून घेतलेल्या इंजिनाची पावती आणि इंजिन नंबरचा कागद घरात जपून ठेवा, चौकशी झाली तर तोच उपयोगी पडतो.

आता लगेच काही विकत घेऊ नका. या रविवारी चाकं उचला, नटाला पाना लावा, फेरे मोजा. तो आकडा, वजनकाट्यावरची दोन्ही वजनं आणि ३० वरून थांबायला लागलेलं अंतर, एवढं लिहून कळवा. ७० दातांचं स्प्रॉकेट पुरेल की जॅकशाफ्ट करायचा, ते त्यावरून सांगतो, आणि जॅकशाफ्टच ठरला तर बेअरिंगच्या जागेचं स्केचही काढून देईन.